भाजक्या मातीच्या चकत्या

कच्च्या माठाच्या काठावर चावल्याच्या खुणा पहिल्यांदा दिसल्या, तेव्हा माझा संशय गेला शेजारच्या बाबूच्या शेळीवर. शेळी तशी बदनामच होती. आमच्या दोरीवरचं धोतर तिने निम्मं खाल्लं होतं आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवरची नोटीस तर खळीसकट. मी तावातावाने बाबूच्या दारात गेलो आणि चार शब्द सुनावले. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"केरबातात्या, शेळी म्या मागच्या बाजारी इकली," तो म्हणाला.

मी घसा खाकरला, हवापाण्याची चौकशी केली आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन माठांचे काठ उडालेले. मग मात्र मी ठरवलं, चोर पकडायचाच. दुपारी जेवून बायको, म्हणजे हौसा, भांगलायला रानात गेली. मीही निघाल्यासारखं केलं आणि अंगणाच्या टोकाला शेणींच्या ढिगाआड दबा धरून बसलो. थोड्या वेळाने दार करकरलं. बाहेर आली आमची सून, शालन. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पदर सावरून माठांच्या रांगेपाशी उकिडवी बसली आणि एका काठाचा नखाएवढा तुकडा मोडून जिभेवर ठेवला. देवळात तीर्थ घेताना बायका मिटतात तसे तिने डोळे मिटले. आमच्या घरात पुरणपोळीसुद्धा कुणी इतक्या समाधानाने खाल्लेली मी पाहिली नव्हती.

मी शेणींच्या मागे श्वास रोखून बसलो. बाहेर यावं तर सुनेची अब्रू जाते, न यावं तर माठ जातो. शेवटी माठ गेला.

या गोष्टीला आता सत्तावीस वर्षं झाली. मी जुनी सातवी पास आहे. हाताला कंप सुटल्यापासून चाकावर बसत नाही, म्हणून वही घेऊन बसतो. नातवंडांना वाटतं, आजोबा हिशेब लिहितात. वाटू दे, वाटायचं तर.

शालन तेव्हा वीस वर्षांची होती आणि तिला पाचवा महिना होता. माझा मुलगा संपत पिंपरीला कारखान्यात. महिन्यातून एकदा यायचा, दोन दिवस झोपायचा आणि जायचा. शालनला आई नव्हती. त्यामुळे पहिलटकरीण असूनही तिचं बाळंतपण सासरीच, आमच्या घरी व्हायचं होतं. हौसाने ते फार मनावर घेतलं होतं. "माझ्या हातनं काय कमी पडलं तर लोक म्हनतील, आई न्हवती म्हनून असं झालं," असं ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची.

त्या काळी आमच्यात सासरा आणि सून एकमेकांशी बोलत नसत. शालन मला काही सांगायचं असलं की मांजरीला सांगायची. मांजर चुलीजवळ, मी अंगणात. "मने, जेवान वाढलंय गं," असं ती मोठ्याने म्हणाली की मी हात धुवायला उठायचो. मीसुद्धा मांजरीलाच म्हणायचो, "मने, आज मीठ जरा जास्त झालंय बघ." त्या मांजरीइतकं आमच्या घरातलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तर प्रश्न असा होता, की सुनेला माती हवी आहे आणि ती मला मागू शकत नाही. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. हौसाच्या वेळीही असंच झालं होतं, तिलाही मीच माती आणून दिली होती. कुंभाराच्या घरातलं लेकरू, त्याला पोटात असतानाच घरचा धंदा कळला, असं आमच्यात कौतुकाने समजत. डोहाळे तर पुरवलेच पाहिजेत. पण माठाच्या मातीत आम्ही घोड्याची लीद कालवतो. ती सुनेला कशी चारायची?

म्हणून मी वेगळी माती आणली. ओढ्याच्या वळणाला एक पिवळसर थर आहे, लोण्यासारखा मऊ. ती माती वाळवली, कुटली, हौसाच्या जुन्या लुगड्यातून दोनदा चाळली, भिजवली आणि तिच्या रुपयाएवढ्या पातळ चकत्या थापल्या. आव्यात, म्हणजे माठ भाजायच्या भट्टीत, घातल्या असत्या तर खापर झालं असतं. म्हणून आव्याच्या कडेला नुसत्या धगीवर शेकल्या; वरून कुरकुरीत आणि जिभेवर ठेवताच विरघळणाऱ्या. मी स्वतः एक खाऊन पाहिली. खोटं कशाला सांगू, वाईट नव्हती.

सकाळी चार चकत्या मी मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि मांजरीला म्हणालो, "मने, माठाला लीद असती. कट्ट्यावर बघ."

दुपारी कट्टा रिकामा होता आणि माझ्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा जास्तीचा आला. त्या दिवसापासून माझे माठ वाचले. रोज सकाळी चार चकत्या मी ठेवायच्या आणि दुपारी लोणी यायचं. सासऱ्या-सुनेत यापेक्षा जास्त बोलणं त्या वेळी गावात कुणाच्याच घरी नव्हतं, आणि मला त्याचा मोठा अभिमान वाटायचा.

आमच्या उपकेंद्रात तेव्हा वायदंडे सिस्टर होत्या. चार वाड्यांमध्ये मोपेडवर फिरायच्या, आवाज असा की ओढ्यापलीकडे कळायचं, कुणाला इंजेक्शन दिलं ते. भाद्रपदात त्यांनी शालनचं रक्त तपासलं. बोट टोचून काढलेलं रक्त काचेच्या नळीत औषधात मिसळायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंबथेंब पाणी घालायचं. रंग जुळला की नळीवरचा आकडा वाचायचा. शालनचा आकडा आला सव्वासात.

"निदान अकरा पाहिजे," सिस्टर हौसाला म्हणाल्या. "चढ चढताना दम लागतो म्हणते का ही? चक्कर येते?"

"येती की. मला वाटलं, पोटुशीला येतीच."

"येते, पण इतकी नाही. हिच्या पापण्या आतून बघा, कशा पांढऱ्या पडल्यात. बाळंतपणात प्रत्येक बाईचं रक्त जातं. भरल्या रांजणातून दोन तांबे गेले तर कळत नाही. हिच्या रांजणात तळालाच पाणी आहे. त्यातून दोन तांबे गेले तर राहील काय?"

हौसाने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. रांजणाची गोष्ट कुंभाराला सांगावी लागत नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सिस्टरनी लोहाच्या लाल गोळ्या दिल्या होत्या. हौसा रोज समोर उभी राहून शालनला गोळी गिळायला लावायची आणि "आ कर" म्हणून तोंडसुद्धा बघायची. पालेभाजी आणायची, हुलग्याचं माडगं करायची, घरातला गूळ आणि शेंगदाणे तिच्याच हातावर ठेवायची. मीही माझ्या परीने हातभार लावला. पोर खंगत चालली आहे, दुसऱ्या कशावर तिची वासना नाही. एवढी एकच गोष्ट ती आवडीने खाते, तर ती तरी पोटभर मिळू दे. मी चाराच्या आठ चकत्या केल्या.

महिन्याने, नवरात्र संपल्यावर, पुन्हा तपासणी होती. सिस्टरनी उपकेंद्रासाठी एक माठ मागितला होता, तो डोक्यावर घेऊन मीही हौसा आणि शालनच्या मागोमाग गेलो आणि बाहेर पायरीवर बसलो. आत दहा-बारा बायका रांगेत होत्या. सिस्टरचा आवाज आला.

"सहा पूर्णांक आठ! अहो, वाढायचं सोडून कमी झालंय. गोळ्या कुठं जातात?"

"रोज गिळती की. माझ्या डोळ्यांदेखत," हौसा म्हणाली.

"डोळ्यांदेखत गिळली असती तर रक्त असं राहिलं नसतं, हौसाबाई. सून राबायला पाहिजे, नातू पाहिजे, आणि तिच्या पोटात दोन घास घालायला नको? मी हे रोज बघते."

रांगेतल्या बायका गप्प झाल्या. बायका गप्प झाल्या म्हणजे गोष्ट गावभर जाणार, हे ठरलेलं. घरी येताना हौसा आमच्या पुढे वीस पावलं चालत होती आणि पदराने सारखं नाक पुसत होती. शालन मागे, ओढ्याच्या चढावर तीनदा थांबली. तिसऱ्यांदा ती खालीच बसली. तिची छाती कपड्यावरून धडधडताना दिसत होती, ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. मी चार हातांवर उभा. सासरा, हात कसा द्यायचा? शेवटी मी काठी पुढे केली. तिने काठीचं टोक धरलं आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मोपेड आमच्या अंगणात. सिस्टर रागावल्या होत्या, पण माणूस न्यायाचं. त्यांनी गोळ्यांचा डबा मागितला, राहिलेल्या गोळ्या मोजल्या. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. चुलीवरचं भांडं उघडून पाहिलं, त्यात माठाची पालेभाजी. शिंक्यावरचा गूळ पाहिला. मग त्या ओट्यावर बसल्या आणि कपाळाला हात लावला.

"हौसाबाई, माझं चुकलं. तुम्ही करताय सगळं. मग हे रक्त जातंय कुठं?" त्या शालनकडे वळल्या. "खरं सांग. राख, खडू, माती, असलं काही खातेस का?"

शालन मान खाली घालून म्हणाली, "न्हाई."

मी अंगणात चाकावर होतो. मनात म्हटलं, यात मातीचा काय संबंध? राख आणि खडूच्या रांगेत ओढ्याची चाळलेली माती बसवणं मला जरा अपमानाचंच वाटलं.

सिस्टर हात धुवायला मागच्या खिडकीपाशी गेल्या आणि तिथूनच त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

कट्ट्यावर त्या दिवसाच्या आठ चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या.

मी उत्तर देणार, तेवढ्यात शालन पुढे झाली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने सावरलासुद्धा नाही.

"मी ठिवल्यात," ती म्हणाली. "मी चोरून करती. मामांना ठावं न्हाई."

लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर मांजरीला मध्ये न घेता बोलली होती. आणि बोलली ती माझ्यासाठी खोटं. मी चाकावरून उठलो. हात चिखलाने भरलेले होते. गप्प बसलो असतो तर चाललं असतं. सुनेने वाट करून दिली होती आणि सगळ्यांनी विश्वासही ठेवला असता. पण हौसाने काल भर रांगेत जे ऐकून घेतलं होतं, ते माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"ती खोटं बोलतीया," मी म्हणालो. "मी देतो. ओढ्यासनं आणतो, चाळतो, शेकतो आन् ठिवतो."

"रोज?"

"रोज."

"किती?"

"आधी चार. तुमी रगत कमी हाय म्हनालासा, तवापास्नं आठ."

सिस्टर ओरडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"केरबातात्या, माती पोटात गेली की गोळीतलं लोह मातीलाच चिकटतं आणि मातीबरोबर बाहेर पडतं. महिनाभर तुम्ही या गोळ्या शालनला नाही, मातीला चारल्यात. वर मातीतले जंत, ते आणखी रक्त पितात."

"पर डोहाळं..."

"हे डोहाळे नव्हेत. रक्त आटलं की असली भूक लागते. ही बाळाची भूक नाही, तिच्या अंगाची ओरड आहे. रक्त भरलं की ती आपोआप जाते."

मी हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं या हातांनी गावाला पाणी पाजलं, असं मी लोकांना सांगत असे. त्या क्षणी ते हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

सिस्टरनी जंतांचं औषध दिलं, गोळ्या दिवसाला दोन केल्या आणि जेवणानंतर लगेच चहा प्यायचा नाही म्हणून बजावलं. "दिवाळीनंतर परत बघते. नाही वाढलं तर जिल्ह्याला नेऊन रक्त चढवायचं. आणि माती? चिमूटभरही नाही," असं म्हणून त्या गेल्या.

पुढचे दोन दिवस हौसा माझ्याशी मांजरीमार्फत बोलली. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना तिला राहवलं नाही.

"मला बी तुमीच दिली हुती," ती म्हणाली. "संपतच्या टायमाला. आन् त्याच्या मागच्या पोरीच्या टायमाला."

ती पोर आमच्याकडे अकरा दिवस होती. आम्ही तिचं नाव काढत नसू.

"तू वाचलीस की," मी कसंबसं म्हणालो.

"वाचले. तीन महिने भिताड धरून चालत हुते. तुमी म्हनायचा, बाळंतीण झाली आन् आळशी झाली. इसरलासा?"

मी विसरलो नव्हतो. ते वाक्य मी चारचौघांत हसून म्हणायचो. मला माझी एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हौसाने पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "जेवा आता. तवा कुनाला काय ठावं हुतं?" ती अशीच आहे. मारते तीच आणि मलम लावते तीच.

पण खरी अडचण पुढेच होती. गवळ्याच्या घरातून दूध लपवता येईल. कुंभाराच्या घरातून माती कशी लपवणार? दिवाळी तोंडावर आलेली, पणत्यांचं काम रात्रंदिवस चालायचे दिवस. मी सकाळी मातीच्या ढिगावर पाणी मारलं, ओल्या मातीचा वास घरभर पसरला आणि आत ताट पडल्याचा आवाज आला. हौसा बाहेर आली.

"चौकटीला धरून हुबी हाय. रडतीया."

"का?"

"वास येतो म्हनती. आन् वास आला की जीव जातो म्हनती. आवं, सोन्यासारखी पोर, आपल्याच दारातल्या मातीवर कुत्र्यागत टपून बसायची पाळी आली तिच्यावर."

मी ढिगावर गोणपाटं टाकली, वरून प्लास्टिकचा कागद ओढला, कडेने दगड लावले. चाक खुंटीवरून उतरवून भिंतीला उभं केलं. माझ्या जाणतेपणात ते दिवाळीच्या आधी कधी थांबलं नव्हतं. बाप गेला तेव्हासुद्धा तेराव्या दिवशी ते फिरत होतं.

गावात बोभाटा झाला. केरबाने चाक उतरवलं! सुनेचं नाव मध्ये यायला नको म्हणून हौसाने ठोकून दिलं, "त्यांचा मनका धरलाय." झालं, जो तो माझ्यासाठी तेल घेऊन येऊ लागला. कुणी निरगुडीचं, कुणी लसणाचं, एकाने तर घोरपडीचं म्हणून काहीतरी काळंकुट्ट आणलं. बाबूने स्वतः बसून माझी पाठ चोळली. धडधाकट पाठ, पण शेळीच्या प्रकरणानंतर त्याला नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी आठ दिवस कण्हत राहिलो.

दिवाळीला गावाने तालुक्याच्या बाजारातून पणत्या आणल्या. आमच्या दारातही विकतच्याच लागल्या, हौसाने आणलेल्या. त्यांचे काठ वाकडे होते आणि तेल पाझरत होतं. मी काही बोललो नाही. म्हणजे चार-पाचदाच बोललो.

एक मात्र झालं. मांजरीचं काम सुटलं. एकदा तोंड उघडल्यावर पुन्हा मिटायचं कशाला, असं आम्हा दोघांनाही वाटलं असावं. सकाळी मी ओट्यावरून विचारायचो, "सूनबाई, गोळी?"

"घेतली, मामा."

"आन् भाजी?"

"खाल्ली की. आता काय परडं बी खाऊ व्हय?"

हौसा पहिल्यांदा डोळे वटारायची. नंतर तीही हसायला लागली. शालनला थट्टा करता येते हे आम्हाला दीड वर्षांनी कळलं. एकदा तिने विचारलं, "मामा, तुमचं हात आता काय करत्यात?" मी म्हणालो, "बसून खात्यात." ते खरं नव्हतं. झोपेतसुद्धा माझे अंगठे माठाचा काठ फिरवत असत, असं हौसा सांगायची.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. भर दुपारी, ध्यानीमनी नसताना आभाळ भरलं आणि अवकाळी सरी आल्या. मी ओट्यावर डुलक्या घेत होतो. जाग आली ती वासाने. वाऱ्याने ढिगावरचा कागद उडाला होता, गोणपाटं भिजली होती आणि सगळं अंगण ओल्या मातीच्या वासाने घमघमत होतं. मी तसाच पावसात धावलो. एक कोपरा दाबावा तर दुसरा उडतो. माझी ती कसरत चालू असताना मागे पाहिलं, तर शालन दारात उभी. महिन्याभराची तपश्चर्या एका सरीने बुडवली, असंच मला वाटलं.

"सूनबाई, आत जा!" मी ओरडलो.

"मामा, कशापायी भिजताय?"

"वास! वास सुटलाय!"

तिने मान वर करून हुंगलं. चांगलं छाती भरून. मी कागदाचं टोक धरून तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"येतोय की," ती म्हणाली. "मातीचा. बरा वाटतोय."

"खावीशी वाटती?"

"माती?" तिने असा चेहरा केला, की मी काहीतरी अचरट विचारलं आहे. "माती कोन खातंय, मामा?"

आणि ती दोरीवरचे कपडे काढायला लगबगीने अंगणात उतरली. कपडे काढले, ओट्याच्या तीन पायऱ्या चढली आणि दम न लागता आत गेली.

मी पावसात उभाच. आनंद तर इतका झाला की कागद हातातून सुटला. आणि खरं सांगायचं तर, त्या आनंदाच्या पोटात जरासं वाईटही वाटलं. इतक्या मन लावून केलेल्या चकत्या! पुन्हा कुणी त्या मागणार नव्हतं. माणसाचा अहंकार कुठे दडून बसलेला असतो, सांगता येत नाही.

सिस्टरच्या नळीने आठ दिवसांनी तेच सांगितलं, आठ पूर्णांक चार. पौषाच्या तोंडावर साडेनऊच्या वर. या वेळी हौसा रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि आकडा सिस्टरनी मोठ्याने सांगावा म्हणून दोनदा "किती म्हनालासा?" असं विचारत होती. सिस्टरनी तिसऱ्यांदा तो न विचारताच सांगितला, आणि वर म्हणाल्या, "हौसाबाई, मी मागं बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते. आता सगळ्यांसमोरच माफी मागते." हौसा लाजून इतकी लाल झाली, की तिचंही रक्त वाढलं असावं.

चाक केव्हाच पुन्हा खुंटीवर चढलं होतं आणि त्यावर संक्रांतीच्या सुगड्यांचं काम चालू होतं. सकाळी दहाच्या सुमाराला शालनला कळा सुरू झाल्या. जीप मिळाली. आरोग्य केंद्र चार कोसांवर, सिस्टर आधीच पोचलेल्या. शालनला आत नेलं आणि दार लागलं. हौसा बाकावर बसली आणि मी निंबाखाली येरझाऱ्या घालायला लागलो. ऊन डोक्यावर आलं, कलंडलं. मध्येच एक बाई घाईघाईने बाहेर आली, बाटल्या घेऊन आत गेली, पुन्हा बाहेर आली. आतून कुणाचाच आवाज येत नव्हता, सिस्टरचासुद्धा नाही. तो आवाज नसणं मला सहन होत नव्हतं. हाताला सुगड्यांचा चिखल तसाच वाळला होता. मी तो नखाने खरवडत राहिलो.

तीनच्या सुमाराला दार उघडलं आणि वायदंडे सिस्टर पायरीवर आल्या. घामाने डबडबलेल्या.

"मुलगी झाली."

"रगत?" मी विचारलं. आजोबा झालेल्या माणसाने पहिल्यांदा काय विचारावं याची रीत असते. मला ती सुचली नाही.

"गेलं," सिस्टर म्हणाल्या. "नेहमीपेक्षा जास्त गेलं. वार सुटायला वेळ लागला. पण अंगात होतं, म्हणून निभावलं. आता शुद्धीवर आहे, बोलतेय, पाणी मागतेय. पोरगीही चांगली ठणठणीत आहे." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तात्या, दसऱ्याच्या वेळची शालन आज या टेबलावर असती ना, तर मी तुम्हाला ही बातमी अशी उभ्याने सांगितली नसती. आधी बसा म्हणाले असते."

मी उभाच होतो आणि त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. तरी मी त्या पायरीवर, त्यांच्या पायांपाशी, मटकन खाली बसलो.